थोरल्या जाऊबाईंचा प्रश्न

सोलापूर

प्रिय सुशे,

सलाम. नाताळापासून एक ओळ लिहिली नाही, दे शिव्या. माझा गुडघा तसाच, ह्यांची साखर तशीच.

पवित्र गुरुवारी महिला मंडळात मला बोलायचंय. विषय वल्हांडणाचा कोकरा, मिसरच्या गुलामीतून सुटायच्या रात्री इस्राएलाने कापला तो. म्हटलं, सोपं आहे. बायबलातल्या निर्गमाचा १२ वा अध्याय आपला तोंडपाठ: १० व्या दिवशी निवडायचा, १४ व्या दिवशी संध्याकाळी कापायचा, वर्षाचा, दोषहीन, एजोब झुडपाच्या जुडीने रक्त दाराच्या बाह्यांना नि कपाळपट्टीला. इस्राएल लोक मिसरातून सोलापुरी कडक भाकरी बांधून निघाले, हे संडे स्कूलमध्ये तूच सांगितलंस आणि छडी मला बसली!

पण परवा शेंगा सोलताना जाऊबाई म्हणाल्या, "सॅमीच्या वेळी माझ्या दाराला रक्त नव्हतं का गं?" मान वर केली नाही, सोलतच राहिल्या. त्या पहिल्या बाकावर बसतात. ज्या घरी रक्त नव्हतं तिथला थोरला गेला, हे सॅमीच्या आईसमोर कसं वाचू? आणि गाळलं तर कोकरा मारला कशासाठी?

आपले लोक लगेच पापावर येतात. त्या अध्यायात इस्राएलाच्या पापाचा शब्द नाही गं. रक्त ही खूण, ती दिसली की देव ते दार ओलांडून पुढे जाणार. मांस भाजून, कंबर कसून, पायात वहाणा घालून घाईने खायचं आणि गुलामीतून निघायचं. पाप हरण करणारा कोकरा म्हटलं ते बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने, येशूकडे बघून. ख्रिस्त हाच आपला वल्हांडण, हे पौलाने करिंथकरांना लिहिलं. वधस्तंभावर शिपायांनी शेजारच्या दोघांचे पाय मोडले, येशूचे नाही. वल्हांडणाच्या कोकराचं हाड मोडायचं नसतं ना.

मी म्हणणार आहे, मिसरात थोरले गेले ते मिसऱ्यांचे. वधस्तंभावर गेला तो देवाचा स्वतःचा. ते दार त्याने ओलांडलं नाही. तू म्हणशील, जुळवाजुळव आहे, सॅमी येतो का परत? नाही येत. पण तो कुणाच्या पापामुळे गेला नाही, हे मी पाळकांदेखत बोलणार, मग काय व्हायचं ते होवो. मिसरच्या राजाच्या, फारोच्या, पोरासाठी तू रडली होतीस आणि मी तुला 'मिसरी' म्हणून चिडवलं होतं. केवढा अबोला धरलास! म्हणून तुलाच विचारतेय, बोलू ना असं?

धाकटीचं जमलं, फार बरं झालं. नवं घर हवेशीर आहे का? बुधवारच्या आत दोन ओळी लिही. फोन नको, फोनवर तूच बोलत बसतेस.

तुझी,
मेरी