तिसऱ्या घंटेआधीची तयारी

संपादक महोदय,

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांसाठीच्या 'रिलॅक्स्ड' नाट्यप्रयोगांचा, म्हणजे त्यांना सोसेल अशा बेताने केलेल्या प्रयोगांचा, विषय निघाला की बहुतेकजण आवाज कमी करण्यापाशी थांबतात. मी नाटकांची प्रकाशयोजना करतो आणि माझी मुलगी स्वमग्न आहे. तिला सगळ्यात जास्त त्रास होतो तो अचानकपणाचा. तिसरी घंटा वाजते, काळोख होतो आणि पुढे काय, हे तिला ठाऊक नसतं. म्हणून अशा प्रयोगात प्रेक्षागृहातले दिवे मंद पण चालू ठेवतात, झपझप लुकलुकणारे दिवे काढतात, दारं उघडी ठेवतात. कुणी मधेच उठलं, बोललं, तरी 'शूऽऽ' करायचं नाही.

माझी मुख्य मागणी फोटोंच्या पुस्तिकेची आहे. प्रवेशद्वार, तिकीट तपासण्याची जागा, खुर्च्या, स्वच्छतागृह, शांत खोली, सगळं आठवडाभर आधी घरी बघायला मिळावं. कुठल्या प्रसंगात मोठा आवाज आहे, तेही त्यात हवं. आधीच कळलं तर मजा जाते, असं निर्माते म्हणतात. आमच्याकडे उलटं होतं. गडगडाट येणार हे माहीत असलं की मुलगी आधीच हेडफोन कानावर चढवते आणि माझ्याकडे बघून हसते. (हात वाळवण्याचं यंत्र तिला त्या गडगडाटापेक्षा जास्त छळतं. तेवढं बंद ठेवता आलं तर बघा!)

पालकांनी दाराजवळची, कडेची खुर्ची घ्यावी आणि मध्यंतरात परतलो तरी चालेल, हे घरून निघतानाच ठरवून ठेवावं.

– एक प्रकाशयोजनाकार