घटनेला हात न लावता

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

देशाचा कारभार कसा सुधारावा याची तू पाठवलेली यादी दोनदा वाचली. अध्यक्षीय पद्धत, पंतप्रधानपदाला दोन मुदतींची मर्यादा, राज्यसभेची फेररचना. तळमळ पटली, पण या तिन्हींना घटनादुरुस्ती लागेल. म्हणजे दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं हवीत, आणि ती एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्तही भरली पाहिजेत. तेवढं बळ ज्यांच्याकडे असतं, त्यांना बदल नको असतो.

त्यापेक्षा कामकाजाच्या नियमांकडे बघ. अनुच्छेद ११८ प्रमाणे प्रत्येक सभागृह आपले नियम स्वतः करतं. लोकसभेत त्यासाठी नियम समिती आहे, १५ सदस्यांची, खुद्द लोकसभा अध्यक्ष तिचे प्रमुख. माझ्या मते सगळ्यात मोठी सुधारणा याच दाराने येऊ शकते, आणि ती म्हणजे विधेयक समितीकडे जाणं हाच नियम व्हावा.

आज विधेयक स्थायी समितीकडे, म्हणजे त्या विषयाच्या खासदारांच्या कायम समितीकडे, पाठवायचं की नाही, हे प्रत्येक वेळी ठरवलं जातं. २००९ ते २०१४ च्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, २०१९ ते २०२४ मध्ये फक्त १६ टक्के. मधल्या काळात नियम काही बदलला नव्हता, बदलली ती इच्छा. म्हणून ही गोष्ट कुणाच्या इच्छेवर सोडू नये.

समितीत नेमकं काय होतं ते सरोगसीच्या, म्हणजे दुसऱ्या जोडप्यासाठी मूल पोटात वाढवण्याच्या, विधेयकावरून कळेल. २०१९ साली लोकसभेने मंजूर केलेल्या मसुद्यात सरोगेट आई जवळची नातेवाईकच हवी होती, तिचा विमा १६ महिन्यांचा होता, आणि जोडप्याला पाच वर्षं मूल होत नसल्याची अट होती. राज्यसभेने तो प्रवर समितीकडे, म्हणजे त्या एका विधेयकापुरत्या नेमलेल्या खासदारांच्या समितीकडे, दिला. समितीने डॉक्टर, वकील, संबंधित स्त्रिया यांचं ऐकलं. नात्याच्या अटीमुळे घरातल्याच एखाद्या बाईवर दबाव येईल, बाळंतपणानंतरची गुंतागुंत १६ महिन्यांत संपेलच असं नाही, हे मुद्दे पुढे आले. २०२१ च्या कायद्यात ‘स्वेच्छेने तयार असलेली स्त्री’ आली, विमा ३६ महिन्यांचा झाला, पाच वर्षांची अट गेली. सभागृहात दोन तासांच्या चर्चेत इतकं बारीक काम होत नाही. तिथे पक्षादेश (व्हिप) असतो, म्हणजे पक्ष सांगेल तसंच मत द्यावं लागतं, समितीत तो नसतो, दारं बंद असतात, त्यामुळे सत्ताधारी खासदारही मोकळेपणी अडचणीचा प्रश्न विचारतो.

आता यात काय बिघडू शकतं ते बघ, कारण तुला विरोध करणारा हेच विचारेल. पहिली अडचण विलंबाची. नियमात ९० दिवसांची मुदत घाल. अहवाल आला नाही तर विधेयक तसंच सभागृहात यावं. शिवाय समित्या दरवर्षी नव्याने बनतात, विषय समजलेले सदस्य मध्येच बदलतात, म्हणून ज्या समितीने विधेयक हाती घेतलं तिनेच ते संपवावं.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे, ती अध्यादेशाची, म्हणजे संसद भरलेली नसताना काढलेल्या तात्पुरत्या कायद्याची. संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेश गळून पडतो, म्हणजे त्याच्या जागी येणाऱ्या विधेयकाला ९० दिवस देताच येत नाहीत. सरसकट सूट दिलीस तर समिती टाळण्यासाठीच अध्यादेश निघू लागतील. म्हणून सूट द्यायची ती उलट क्रमाने: कायदा आधी मंजूर होऊ दे, पण वर्षाच्या आत समितीने तो तपासावा आणि मंत्र्यांनी प्रत्येक शिफारशीवर ‘स्वीकारली’ किंवा ‘नाकारली, कारण हे’ असं लेखी उत्तर पटलावर ठेवावं. लेखी उत्तराची ही अट इतर विधेयकांनाही हवी, नाहीतर अहवाल कपाटात जातो.

जनतेला विचारण्याचा मुद्दाही असाच सुटेल. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा असं केंद्राचं २०१४ चं धोरण सांगतं, पण ते धोरण आहे, कायदा नाही, आणि न पाळल्याने विधेयक अडत नाही. लोकसभेच्या नियम ६९ प्रमाणे खर्चाच्या विधेयकासोबत वित्तीय ज्ञापन (खर्चाचं टिपण) जोडावंच लागतं, आणि कायद्याखालचे बारीक नियम करण्याचे अधिकार सरकारला द्यायचे असतील तर नियम ७० प्रमाणे त्याचंही ज्ञापन. त्यात तिसरं ज्ञापन सक्तीचं कर: मसुदा कधी प्रसिद्ध केला, किती सूचना आल्या, कोणत्या घेतल्या, कोणत्या का नाही. दोन पानं पुरतात. ती नसतील तर विधेयक मांडता येऊ नये.

अर्थसंकल्पाबद्दल थोडक्यात. बहुतेक मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या दरवर्षी गिलोटिनने, म्हणजे वेळ संपल्यावर एकगठ्ठा मताला टाकून, चर्चेविनाच मंजूर होतात. २०१८ आणि २०२३ मध्ये लोकसभेत सगळ्याच तशा झाल्या. मंत्रालयं पन्नासच्या वर आहेत. दरवर्षी अकरा मंत्रालयांच्या मागण्यांवर, आळीपाळीने, चर्चा व्हावी अशी सक्ती केली तर एका लोकसभेच्या मुदतीत प्रत्येकाची एकदा तरी झडती होईल.

पक्षादेश फक्त विश्वासदर्शक आणि अविश्वास ठरावापुरता असावा, हे १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सांगितलं होतं. मला ते मनापासून पटतं, पण त्याला घटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, बदलावं लागेल. ते आज मागू नकोस, या तीन मागण्यांत मिसळू तर मुळीच नकोस.

आपल्या खासदारांना पत्र लिहिशील तेव्हा नियमाचा क्रमांक, आजचा शब्द आणि तुला हवा असलेला शब्द, तिन्ही लिही. ‘लोकशाही बळकट करा’ अशा पत्राला पोच मिळते, ‘नियम ७० नंतर हा नवा नियम घाला’ अशा पत्रावर टिपण तयार करावं लागतं. आणि एखादी स्थायी समिती विधेयकावर सूचना मागवते तेव्हा जाहिरातीत बहुधा पंधराच दिवस असतात. कलमवार लिही, एका कलमाला एक परिच्छेद, आणि तोंडी म्हणणं मांडायचं असेल तर त्याच निवेदनात तसं नमूद कर. नंतर कळवलं तर उशीर होतो.

तुझी,
आई