मंद्याला पत्र: बेल्जियन कोण, आणि त्यात ब्रेडचा काय संबंध

प्रिय मंद्या,

तुझा मेसेज वाचला, "तिकडची माणसं स्वतःला बेल्जियन म्हणवतात की नाही ते एकदा सांग". व्हॉट्सॲपवर दोन ओळीत उरकणार होतो पण ते काय दोन ओळीत मावत नाही लेका, म्हणून मेल लिहायला बसलोय, चहा घेऊन बस.

म्हणवतात, फुटबॉलची मॅच असली की. एरवी आमच्या गेंटमधला माणूस फ्लेमिश, म्हणजे उत्तरेकडच्या फ्लांडर्सचा, डच बोलणारा, आणि तिकडे लिएजचा वालून, म्हणजे दक्षिणेकडचा, फ्रेंच बोलणारा. सगळे सांगतात की ही भाषेची भांडणं आहेत, डच विरुद्ध फ्रेंच, विषय संपला. मला ते अर्धंच पटतं. गिरण्या आणि खाणींच्या काळात इथल्या कामगाराला जे काही मिळालं ते देशाकडून मिळालंच नाही, आपापल्या गटाकडून मिळालं, आणि माणूस ज्याचं खातो त्याचाच होतो ना. असं माझं मत आहे, तुला पटलं नाही तर भांड.

देश 1830 सालचा. राज्यघटनेत लिहिलंय की भाषेचं स्वातंत्र्य आहे, पण कोर्ट, कचेरी, मिलिटरीतले ऑफिसर, कॉलेजं सगळं फ्रेंचमध्ये, आणि फ्लांडर्समधले पैसेवाले पण घरात फ्रेंचच बोलायचे, म्हणजे गेंटचा गिरणीमालक आणि त्याचा कामगार एकाच गावचे असून भाषा वेगळी. मतदान फक्त ठराविक टॅक्स भरणाऱ्याला, 1893 पर्यंत साठेक लाखांच्या देशात मतदार साधारण 1,37,000! आणि उद्योगात मात्र हे लोक युरोपात इंग्लंडच्या पाठोपाठ, सेराँला कॉकरिलचा लोखंडाचा कारखाना 1817 पासून, ब्रसेल्स ते मेखलेन रेल्वे 1835 ला. कोळसा आणि लोखंड सगळं वालून भागात, फ्लांडर्समध्ये गेंटच्या सुती गिरण्या सोडल्या तर घरोघरी लिननचं विणकाम, ते 1840 च्या दशकात यंत्रापुढे बसलं, त्यात बटाट्यावर रोग पडला, उपासमार झाली, आणि माणसं पोटापाण्यासाठी वालून खाणींकडे निघाली.

त्यातलेच दोघं कूक आणि गूथाल्स. 1860 ला वालून भागातल्या शार्लरवाजवळ एका विधवेचा खून झाला, हे दोघं फ्लेमिश मजूर धरले, खटला फ्रेंचमध्ये चालला जी त्यांना धड कळत नव्हती, आणि भर चौकात डोकी उडवली. पुढे एका टोळीवर वेगळाच खटला चालला त्यात वाटायला लागलं की खरे खुनी ते. दोघं पूर्ण निर्दोष होते का यावर इतिहासवाले अजून वाद घालतात, पण फ्लेमिश लोकांच्या मनात ते बसलं ते बसलंच. 1873 ला कायदा आला की फ्लांडर्समधले फौजदारी खटले डचमध्ये. गंमत बघ, डोकी उडाली वालून भागात, कायदा लागू फक्त फ्लांडर्सला. खाणीत गेलेल्या मजुराला त्याचा काय उपयोग?

मग 1886. मार्चमध्ये लिएजला पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे 1871 च्या पॅरिसमधल्या कामगारांच्या बंडाच्या, आठवणीत सभा होती, तिथून दंगल पेटली ती शार्लरवापर्यंत, जुमे गावातली बोदू नावाच्या मालकाची काचेची फॅक्टरी जाळली, सैन्य आलं, गोळीबारात माणसं मेली. गेंटमध्ये एडवर्ड आन्सील नावाचा तिशीतला कार्यकर्ता होता, त्याने पेपरात आयांना आवाहन केलं की सैन्यात असलेल्या पोराला पत्र लिहा, कामगारांवर गोळी झाडू नको म्हणून. त्यासाठी सहा महिने आत गेला! सरकार मात्र खरंच हादरलं, चौकशी कमिशन नेमलं आणि 1887 ला कायदा केला की पगार रोख द्यायचा आणि दारूच्या गुत्त्यात वाटायचा नाही. म्हणजे तोवर काय चाललं होतं ते कळलं ना? 1889 ला बारा वर्षांखालच्या पोरांना कामावर ठेवायला बंदी, आणि एकवीसच्या आतल्या मुलींना खाणीत खाली उतरवायचं नाही, तेही लगेच नाही, 1892 पासून.

पण मला यातला खरा हिरो कायदा वाटत नाही, बेकरी वाटते. आन्सील आणि मंडळींनी 1880 च्या सुमारास 'फोरआउट' म्हणजे 'पुढे' नावाची सहकारी बेकरी काढली. सभासद ब्रेडचे टोकन आगाऊ घ्यायचा, नफ्यातला वाटा परत मिळायचा तो पण रोख नाही, टोकनमध्ये, आणि ते चालणार फोरआउटच्याच दुकानात. मग कोळसा, कपडे, औषधं, पेपर, सगळं त्यांचंच झालं. आजारी पडलास तर ब्रेड फुकट, संप झाला तर त्याच पैशातून मदत. आन्सील म्हणायचा की आपण भांडवलशाहीवर बटाटे आणि चार-चार पौंडांच्या पावांचा भडिमार करणार. कसला माणूस! फ्राइडाखमार्क्ट चौकात त्यांची बिल्डिंग अजून आहे, ही भलीमोठी, समाजवादी कामगार संघटना असं दर्शनी भागावर चक्क लिहिलंय, तू आलास की तिथे उभं करून फोटो काढतो तुझा.

आता हे बघून कॅथलिक लोक कसे गप्प बसतील, त्यांनीही आपल्या युनियन काढल्या, विमा काढला, लिबरलवाल्यांनी पण. झालं, माणूस जन्मला की कुठल्या तरी एका गटाचा, दवाखाना त्यांचा, पेपर त्यांचा, बँडपथक पण त्यांचंच. आणि हे जुनं झालं असं समजू नको. मी इथे जॉईन झालो तेव्हा एचआरची बाई विचारते, हेल्थ इन्शुरन्स कुणाचा घेणार, ख्रिश्चन, समाजवादी, लिबरल की न्यूट्रल? मला वाटलं ही माझी जात विचारतेय!

आता राजकारणाचा भाग, जिथे माझ्या मते खरी माती झाली. 1893 ला मताधिकारासाठी देशभर संप झाला, पार्लमेंट घाबरलं आणि सगळ्या पुरुषांना मत दिलं, पण घरदारवाल्याला, शिकलेल्याला जास्तीची मतं, एकूण तीनपर्यंत. मतदार दहापट झाले. 1894 च्या निवडणुकीत समाजवाद्यांचे 28 निवडून आले, सगळे वालून भागातून, कारण पद्धत अशी की बहुमतवाला मतदारसंघातल्या सगळ्या जागा नेणार, आणि फ्लांडर्समध्ये बहुमत कॅथलिकांचं. खुद्द आन्सील, गेंटचा, निवडून आला लिएजमधून! म्हणजे फ्लेमिश पुढाऱ्याला वालून कामगारांनी पाठवलं, तिथे कुणी भाषा विचारली नाही. पण नकाशा मात्र तसाच छापला गेला, वालून म्हणजे लाल, फ्लेमिश म्हणजे चर्चवाले. 1899 ला पद्धत बदलली, पण तोवर लोकांच्या डोक्यात पक्कं झालं होतं.

आणि फ्लेमिश म्हणजे चर्चवाले हे पण कसं, फ्लांडर्समधल्याच आल्स्टच्या फादर दान्सला विचार. साधा पाद्री, गिरणी कामगारांच्या बाजूने, डचच्या बाजूने, आणि 1894 ला स्वतःच्याच कॅथलिक पक्षाच्या बड्या नेत्याला, वुस्तला, त्याच्याच मतदारसंघात आव्हान देऊन पार्लमेंटमध्ये गेला. मालकांना तर नकोच होता, बिशपनेही 1898 ला मास (चर्चमधली मुख्य प्रार्थना) म्हणायला बंदी केली, म्हणजे पाद्र्याला देऊळबंदीच की. 1907 ला गेला बिचारा. माझ्या मते सगळ्यात सरळ माणूस तोच, भाकरी आणि भाषा हा एकच प्रश्न आहे हे त्याला कळलं होतं. समाजवाद्यांचं म्हणणं आधी भाकरी, भाषा नंतर बघू, आणि हे 'नंतर' कधी यायचंच नाही.

1898 ला डच फ्रेंचच्या बरोबरीने कायद्याची भाषा झाली, कागदावर. आणि मग 1912 ला वालून समाजवादी जूल देस्त्रे राजाला उघड पत्र लिहितो की महाराज, बेल्जियन असे कुणी नाहीतच, वालून आहेत आणि फ्लेमिश आहेत. विचार कर, सत्तावीस वर्षं आधी त्याच्याच भागातले कामगार आणि आमचे गेंटवाले एकाच पक्षात, 1885 ला ब्रसेल्सच्या एका कॅफेत स्थापन झालेल्या, खांद्याला खांदा लावून होते की रे. एक माणूस एक मत मिळालं ते पहिलं महायुद्ध संपल्यावर, 1919 ला, आणि बायकांना पार्लमेंटसाठी थेट 1948 ला, तोवर गट इतके पक्के झाले होते की देशाने मत दिलं तरी माणसं गटालाच थँक्यू म्हणाली.

बाकी तुझे बाबा गिरणीत होते ना, त्यांना एक विचार माझ्यासाठी. त्यांच्या गिरणीत कामगारांचं सोसायटीचं दुकान होतं का, होतं तर नफा परत मिळायचा का, की नुसतं स्वस्त धान्य? आणि दुकान कुठल्या युनियनच्या हातात होतं? ते बोलायला लागले की रेकॉर्डिंग करून पाठव, लिहीत बसू नकोस, तुझं अक्षर मला माहितीये.

तुझाच,
बाळ्या