दोन्ही वेळा मी 'हो'वरच खूण केली

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांचा नवा नकाशा लागू करायचा का, यावर कॅलिफोर्नियात मतदान झाले. त्या 'प्रोपोझिशन ५०'चा निकाल लागला तेव्हा मराठी बातम्यांचा सूर 'ट्रम्प यांना चपराक' असा होता. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या प्रस्तावाच्या बाजूने मत देणाऱ्यांपैकी मी एक आहे. इथली नागरिक झाल्यापासून मी डेमोक्रॅटिक पक्षालाच मत देत आले आहे, आणि ट्रम्प यांच्या कारभाराची मला खरोखर भीती वाटते. तरीही तो मथळा वाचून मला आनंद झाला नाही. का झाला नाही, तेवढे सांगायला हे पत्र.

२०१० च्या मतपत्रिकेवर 'प्रोपोझिशन २०' होते. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांच्या सीमा आखण्याचा अधिकार आमच्या राज्याच्या आमदारांकडून काढून नागरिकांच्या आयोगाला द्यावा, असा तो प्रस्ताव. राज्य विधिमंडळाच्या मतदारसंघांसाठी हा आयोग २००८ मध्येच मंजूर झाला होता. त्यात १४ सदस्य: ५ डेमोक्रॅट, ५ रिपब्लिकन आणि ४ या दोन्ही पक्षांत नसलेले. छाननीतून उरलेल्या अर्जांपैकी पहिले ८ जण चक्क सोडतीने निवडायचे आणि त्यांनी उरलेले ६ निवडायचे. मी 'हो'वर खूण केली. पुढच्या वर्षी आयोगाची जाहीर सुनावणी झाली, तिथे रांगेत उभी राहून दोन मिनिटे बोललेसुद्धा. फ्रीमाँट, सनीव्हेल, क्युपर्टिनो या पट्ट्यात आशियाई कुटुंबांची दाट वस्ती आहे, तिचे तुकडे करू नका, एवढेच माझे म्हणणे होते. समोर बसलेल्यांपैकी एकालाही ती निवडणूक लढवायची नव्हती. त्यांनी टिपणे घेतली. त्या नकाशातून आमचा जो १७ वा मतदारसंघ तयार झाला, तो हवाई वगळता अमेरिकेतला आशियाई बहुसंख्येचा पहिला मतदारसंघ. सुनावणीच्या त्या दिवशी मला या देशात पहिल्यांदा आपण इथले आहोत असे वाटले.

पंधरा वर्षांनी 'प्रोपोझिशन ५०'ने तोच आयोग २०२६, २०२८ आणि २०३० या तीन निवडणुकांपुरता बाजूला सारला आणि विधिमंडळातल्या डेमोक्रॅट बहुमताने आखलेला नकाशा लागू केला. त्यालाही मी 'हो' म्हटले. टपालाने आलेली मतपत्रिका नऊ दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होती.

सुरुवात टेक्सासने केली, हे विसरता येत नाही. मतदारसंघांची फेररचना दर दहा वर्षांनी, जनगणनेनंतर होते. टेक्सासचा नकाशा २०२१ मध्ये रिपब्लिकनांनीच आखलेला होता आणि ३८ पैकी २५ जागा त्यांच्याकडे होत्या. तरी ट्रम्प यांनी नकाशा बदलून आणखी ५ जागा मागितल्या, त्यावर आमचा हक्कच आहे असे जाहीरपणे सांगितले. नकाशा रोखण्यासाठी पन्नासहून अधिक डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून गेले. गणपूर्ती होईना, म्हणून टेक्सासचे सभागृह दोन आठवडे ठप्प राहिले. शेवटी ते परतले, नकाशा मंजूर झाला आणि २९ ऑगस्टला गव्हर्नर अॅबट यांनी त्यावर सही केली. पुढे मिसुरी, नॉर्थ कॅरोलायना त्याच वाटेने गेली. ४३५ जणांच्या प्रतिनिधिगृहात २०२४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन २२० विरुद्ध डेमोक्रॅट २१५ असे बळ होते. तिथे पाच जागा म्हणजे सत्ताच. आम्ही हातावर हात ठेवून बसलो असतो, तर या अध्यक्षांना जाब विचारणारे सभागृह पुढची कित्येक वर्षे मिळाले नसते. म्हणून मी मत दिले. आज पुन्हा वेळ आली तरी देईन.

पण त्या मताची किंमत कोणी मोजली? माझा एक जुना सहकारी निवृत्तीनंतर मोडॉक काउंटीत त्याच्या मूळ गावी राहायला गेला. ओरेगॉनच्या सीमेला लागून असलेला, गुरे पाळणाऱ्यांचा हा मुलूख. लोकसंख्या जेमतेम नऊ हजार. नव्या नकाशात मोडॉक थेट सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या श्रीमंत मरीन काउंटीबरोबर एका मतदारसंघात टाकले आहे. मरीनची वस्ती अडीच लाखांच्या वर. माझा हा सहकारी रिपब्लिकन आहे आणि आमचे वाद वीस वर्षे चालू आहेत. निकालानंतर त्याने फोन केला. रागावला नव्हता. म्हणाला, "आमच्या पाण्याचा, चराईचा प्रश्न घेऊन मी आता कोणाच्या दारात जाऊ?" मला उत्तर देता आले नाही. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे ३८ टक्के मते ट्रम्प यांना पडली होती. आयोगाच्या नकाशातसुद्धा ५२ पैकी ९ च जागा रिपब्लिकनांना होत्या, आता त्याही कमी करायच्या आहेत. हे लोक माझे शेजारी आहेत. त्यांचे मत मोजले जाईल, पण त्याने काही बदलणार नाही अशी व्यवस्था मी माझ्या हाताने केली आहे.

माझ्या पक्षातले लोक म्हणतात, आपण फक्त प्रत्युत्तर दिले. ते पूर्ण खरे नाही. इलिनॉयमध्ये ट्रम्प यांना चाळीस टक्क्यांहून जास्त मते पडली, पण तिथल्या १७ पैकी १४ जागा डेमोक्रॅटांकडे आहेत, आणि तो नकाशा टेक्सासच्या आधीचा आहे. अर्थात दोन्ही पक्ष सारखेच, असेही मी म्हणणार नाही. देशभर स्वतंत्र आयोग नेमण्याची तरतूद असलेले विधेयक डेमोक्रॅटांनी २०१९ आणि २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर केले होते. २०२१ मध्ये सिनेटमध्ये ते ५० विरुद्ध ५० वर अडले, कारण चर्चेला घ्यायलाच ६० मते लागतात. न्यायालयाचा रस्ता त्याआधीच बंद झाला होता. पक्षीय फायद्यासाठी केलेल्या फेररचनेत संघीय न्यायालये पडणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. या खेळाला 'जेरीमँडरिंग' हे नाव १८१२ साली मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्यावरून पडले. दोनशे वर्षांहून जुना रोग आहे हा, आणि औषध द्यायला कोणी तयार नाही.

मला धीर आला तो इंडियानातून. ११ डिसेंबर २०२५ रोजी तिथल्या राज्य सिनेटने ट्रम्प यांना हवा असलेला नकाशा ३१ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला. विरोधात मत देणाऱ्यांत २१ जण रिपब्लिकन होते. पुढच्या वेळी पक्षातूनच विरोधक उभे करण्याची धमकी त्यांना मिळाली होती, काहींच्या घरी खोट्या तक्रारींवरून पोलीस धाडण्याचे प्रकार झाले होते. तरी ते बधले नाहीत. त्यांची बहुतेक मते मला पटत नाहीत, पण जे मला जमले नाही ते त्यांनी केले.

इथल्या मित्रांना मी सांगते की भारतात लोकसभा-विधानसभेच्या सीमा सर्वोच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालचा आयोग ठरवतो आणि खासदार-आमदारांना तिथे बोलता येते, मत देता येत नाही, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटते. मग पुण्यातल्या भावाशी बोलणे होते आणि माझा अभिमान खाली येतो. महापालिकेला २०१२ मध्ये दोन सदस्यांचा प्रभाग, २०१७ मध्ये चारचा, मग महाविकास आघाडीच्या काळात तीनचा ठरला, सरकार बदलल्यावर पुन्हा चारचा. मुंबईत २२७ चे २३६ झाले आणि परत २२७. २०२२ मध्ये व्हायच्या निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. आरक्षणाचा खटला हे त्यामागचे मोठे कारण खरे, पण प्रभागांची ही ओढाताणही होतीच. भाऊ म्हणतो, आपला प्रभाग कुठून कुठपर्यंत हे बघायला आम्ही जातच नाही. प्रभाग रचनेचे प्रारूप प्रसिद्ध होते, त्यावर हरकती-सूचना मागवतात. माझी विनंती आहे, जा. तुमची वस्ती कुठे तोडली आहे ते बघा आणि दोन ओळी लिहून द्या. लोकसभेच्या फेररचनेची चर्चा तर दारात उभीच आहे.

आमच्या राज्यात २०३१ मध्ये नकाशा पुन्हा आयोगाकडे जायचा आहे. ती मुदत कोणी पुढे ढकलू पाहिली, मग तो माझाच पक्ष असला, तरी मी 'नाही'वर खूण करणार, असे मोडॉकच्या मित्राला मी फोनवर सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तोपर्यंत मी ऐंशीचा होईन."

आपली नम्र,
एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया