आर्चीच पाहिजे असेल तर सैराटच परत लावा की

मा. संपादक साहेब,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं की सैराटमधली आर्ची, रिंकू राजगुरू, म्हणजे एका पिक्चरची हिरोईन, सैराट संपला आणि ती पण संपली. मुंबईच्या माणसानं लिहिलं असतं तर पान उलटलं असतं, पण पत्राखाली तिच्याच जिल्ह्याचं, सोलापूरचं नाव बघितलं आणि डोकंच फिरलं.

त्यात वर म्हणतात, तिनं अ‍ॅक्टिंग कुठं केली, अकलूजची पोरगी, घरी बोलती तसंच बोलली. अहो बुलेट, ट्रॅक्टर आणि दमदाटी एवढंच लक्षात राहिलं होय? मध्यंतरानंतरचा सैराट बघा. पाटलाची लाडकी लेक हैदराबादच्या झोपडपट्टीत येऊन पडती, तिथला वास सहन होत नाही, पाणी घशाखाली जात नाही, मग हळूहळू फॅक्टरीत कामाला लागती, तिथली भाषा उचलती, आणि हे सगळं करताना तिचा तोरा कुठं कमी झाला आणि कुठं उरला ते नुसतं चेहऱ्यावर दिसतंय. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या मैत्रिणी, ज्यांच्या घरात तेलुगूच चालते, त्या थेटरात तिचं तोडकंमोडकं तेलुगू ऐकून आधी हसल्या आणि नंतर गप झाल्या. हे सगळं शाळेतल्या पोरीनं केलंय हो. २०१६ ला राष्ट्रीय पुरस्कारात तिचा विशेष उल्लेख झाला तेव्हा ती नववीत होती, आणि तो काय जिल्हा परिषदेनं वाटलेला नव्हता. घरच्यासारखं बोलून जमलं असतं तर सैराटच्या कन्नड रिमेकमध्ये, मनसु मल्लिगेत, परत तिलाच कशाला घेतलं असतं? आणि हिंदीत सैराटवरूनच धडक काढला, उदयपूर दाखवलं, राजवाडे दाखवले, जातीचा विषय मात्र पातळ करून टाकला, आता तो कोण आठवतंय?

बरं, नंतर तिनं काहीच केलं नाही म्हणता तर ते पण खोटं. २०१९ ला कागर आला. मला विचाराल तर त्यातलं राजकारण भारी आहे आणि लव्हस्टोरी उगंच घुसवल्यासारखी वाटती, पण त्यात तिचा काय दोष, लिहिणाऱ्यानं लिहिलं तेच ती करणार ना. २०२१ चा २०० हल्ला हो तर ह्या साहेबांनी बघितलाच नसणार, समोर अमोल पालेकरांसारखा माणूस असताना पोरगी दबत नाही. झुंडमध्ये रोल लहान, पासपोर्टसाठी कागदपत्रं गोळा करत बापासोबत फिरणारी मोनिका, पण सगळे अमिताभला बघायला गेलेले त्यामुळं कुणाच्या लक्षात राहिली नाही. झिम्मा २ मध्ये निर्मिती सावंतची सून झाली, तिथं आर्चीचा मागमूस नाही. आमच्या सासूबाईंनी तर अर्धा पिक्चर झाल्यावर विचारलं, ही तीच का गं? आता ह्याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोणतं पाहिजे.

मला खरा राग येतो तो तिच्या फोटोखालच्या कमेंट वाचून. जाड झाली, बारीक झाली, आधीच बरी होती, मेकअप कशाला करती. दहावी-बारावीचे मार्क टीव्हीवर, बारावीला ८२ टक्के पडले तरी लोकांच्या तोंडी वजनच. अतुल कुलकर्णी पण आपल्या सोलापुरात वाढलेला, नटरंगसाठी आधी पैलवानासारखं अंग कमावलं आणि मग उतरवलं, त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, आणि करायलाच पाहिजे, दोन राष्ट्रीय पुरस्कार उगंच नाही मिळाले त्याला. पण बाईमाणसाचं वजन हललं की लगेच करिअर संपलं. सैराटमध्ये तिचा हिरो, परश्या झालेल्या आकाश ठोसरला तरी कुणी असं विचारतंय का, की बाबा तू परत तसाच का दिसत नाहीस?

आणि दोष द्यायचाच तर मराठी पिक्चर आणि सिरियल लिहिणाऱ्यांना द्या. सैराट चालला तशी प्रत्येक चॅनलवर एक तरी धाकड गावरान पोरगी आली, गाडी चालवणारी, गुंडांना कानफटणारी, आणि लग्न झालं की दोन महिन्यांत सासूचे टोमणे ऐकत रडत बसलेली, तेही झोपेत काजळ-लिपस्टिक लावून. भाषा तर विचारूच नका, सोलापूर, सातारा, कोल्हापूर सगळं एकाच पातेल्यात ढवळतात. असल्या लिखाणातून रिंकूला रोल कुठून मिळणार? सैराट काढणारा नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याकडचा, जेऊरचा, त्यानं आपल्या मातीतली पोरगी बघितली म्हणून आर्ची झाली, बाकीच्यांना अजून गावातली बाई म्हणजे नऊवारी आणि डोक्यावरचा हंडाच दिसतो.

संपादक साहेब, तुमच्या पुरवणीला पण एक सांगायचंय. हिंदी पिक्चरचं परीक्षण शुक्रवारी येतं, मराठीचं मात्र पिक्चर थेटरातून उतरल्यावर छापता, तेही कधीतरी. झिम्मा २ वेळी आम्ही मैत्रिणी पेपर चाळून दमलो आणि शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून गेलो. पुढच्या वेळी रिंकूचा पिक्चर लागला की पहिल्याच शुक्रवारी छापा, चांगला असो नाहीतर वाईट. आणि त्या पत्रवाल्या साहेबांना २०० हल्ला हो बघायला सांगा, मग भांडायला मी आहेच.

आपली एक वाचक,
जुळे सोलापूर