फर्निचर विका, फोटो तरी परत द्या

संपादक महोदय,

भाडं थकलं म्हणून स्टोरेज युनिटचं, म्हणजे सामान ठेवायला भाड्याने घेतलेल्या खोलीचं, कुलूप तोडून आतलं सामान लिलावात काढतात हे मला पटतच नाही. मालकाचं भाडं बुडू नये हे मान्य, पण कॅलिफोर्नियात तर १४ दिवस भाडं थकलं की नोटीस पाठवता येते आणि तेव्हा माणूस हॉस्पिटलात असला किंवा घरच सुटलेलं असलं तर ती नोटीस वाचणार कोण? बोलीवाले दारातूनच टॉर्च मारून बघतात, सोफा दिसला की आकडा वाढवतात, मागच्या खोक्यातले आईचे फोटो मात्र कचऱ्यात जातात. फोटो, कागदपत्रं, अस्थिकलश तरी परत द्यायची सक्ती करा, आणि थकबाकी वजा जाता उरलेले पैसे त्या माणसाचेच आहेत, त्याला शोधून द्या.

– एक वाचक