‘आधी तिला जेवू द्या’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या मांजरीचं, भुरीचं वजन पुन्हा ४ किलोंवर आलं, हे तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही ‘छान!’ म्हणालात आणि लगेच ‘शी कशी आहे?’ असं विचारलंत. शी उत्तम आहे. पण मला तेवढंच सांगायचं नव्हतं. तुमचे आभार मानायचे होते, आणि पलीकडे तुमचा पुढचा पेशंट जीव तोडून भुंकत असताना ते काही जमेना. म्हणून हे पत्र. उघडच लिहितेय, कारण ज्यांच्या घरी पोटाच्या जुनाट आजाराचं मांजर आहे, त्यांनाही तुम्ही काय केलंत ते कळायला हवं.

भुरी तुमच्याकडे आली तेव्हा ३ किलोंच्याही खाली गेली होती. पातळ शी कायमचीच झाली होती आणि उलट्या अधूनमधून चालूच. ‘मांजरं ओकतातच’ हे आम्हाला इतक्या जणांनी सांगितलं होतं की आम्हालाही ते पटत चाललं होतं. तुम्ही ते एका वाक्यात मोडून काढलंत: केसांचा गोळा क्वचित बाहेर पडणं वेगळं, आणि दर आठवड्याला उलटी करणारं, वजन घटत चाललेलं मांजर वेगळं. मग तुम्ही तिच्या पाठीवरून बोटं फिरवलीत आणि माझा हात धरून तिथेच ठेवलात. मणक्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असायला हवं, तिथे खळगा लागत होता. पोटाखाली चरबी लोंबत होती म्हणून डोळ्यांना ती ठीक दिसायची. ‘चरबी आहे अजून, पण स्नायू चाललेत,’ तुम्ही म्हणालात. तेव्हापासून दर रविवारी आम्ही तिचं वजन करतो आणि पाठ हातानं बघतो. दोन्ही वहीत उतरवतो.

मी त्या दिवशी विचारत होते की कोणतं खाणं द्यायचं. तुम्ही मात्र म्हणालात, ‘आधी तिला जेवू द्या. काय जेवायचं ते नंतर ठरवू.’ मला विचाराल तर भुरीचा खरा उपचार या क्रमातच होता.

कारण भुरी नखरे करतेय असं घरात सगळ्यांना वाटत होतं. ती वाटीपर्यंत उत्साहानं यायची, हुंगायची, आवंढा गिळायची, दोनदा ओठ चाटायची आणि तोंड फिरवून निघून जायची. कधीकधी वाटीच्या कडेची फरशी पंजानं ओरबाडायची, जणू ते खाणं पुरून टाकायचंय. हे सगळं मी मोबाइलवर चित्रित करून दाखवलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की ही मळमळ आहे. भूक आहे म्हणून ती येते, आणि मळमळतं म्हणून ती जाते. आधी मळमळीचं औषध, मग भूक वाढवण्यासाठी मिर्टाझापिनचं मलम. तेही हातमोजे घालून कानाच्या आतल्या बाजूला लावायचं, म्हणजे गोळीसाठी झटापट नको. आणि औषध जेवणात अजिबात मिसळायचं नाही. जे खाताना मळमळलं, त्या खाण्याशी मांजर वैर धरतं, आणि ते वैर बरं झाल्यावरही सुटत नाही. म्हणूनच पुढे उपचार म्हणून द्यायचं नवं, महत्त्वाचं खाणं तुम्ही मळमळीच्या दिवसांत बाहेरच काढू दिलं नाहीत. ते राखून ठेवलंत. हे शहाणपण मला आजही थक्क करतं.

सिरिंजनं खाणं तोंडात कोंबायलाही तुम्ही मनाई केलीत. तशीच वेळ आली तर मानेतून अन्ननलिकेत नळी बसवू, असं तुम्ही अगदी सुरुवातीलाच शांतपणे समजावलंत. नळी म्हणजे शेवटचा उपाय नव्हे, नळी असताना मांजर चालतं, झोपतं, मनात आलं तर स्वतः खातंही. आमच्यावर ती वेळ आली नाही. पण ‘नळी’ या शब्दाची भीती गेली, त्यामुळे निर्णय घ्यायची वेळ आली असती तर आम्ही दिवस घालवले नसते. मांजराच्या बाबतीत दिवस घालवणं किती महागात पडतं, हेही तुमच्याकडूनच कळलं. दोन-चार दिवस पोटात काही गेलं नाही तर शरीरातली चरबी यकृतात साचू लागते आणि मूळ आजार राहतो बाजूला, यकृतच जिवावर उठतं. ‘पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवा’ हा सल्ला मांजराला लावायचा नाही.

ती जेवू लागल्यावर तुम्ही कागद काढलात आणि गणित मांडलंत. किलोतल्या वजनाचा ०.७५ घात, त्याला ७० नं गुणायचं. ३ किलोंच्या मांजराला नुसतं पडून राहायला साधारण १६० किलोकॅलरी लागतात. भुरीला वजन भरून काढायचं होतं आणि खाल्लेलं सगळं अंगीही लागत नव्हतं, म्हणून लक्ष्य त्याहून वर. ‘अर्धी वाटी’, ‘थोडंसं’ हे शब्द घरातून गेले, सगळं काट्यावर ग्रॅममध्ये मोजू लागलो. दिवसभराचं खाणं लहान लहान वाट्यांमध्ये विभागलं, डब्यातलं ओलं खाणं अंगाच्या उबेइतकं कोमट करून, पसरट बशीत.

मग आलं ते राखून ठेवलेलं खाणं. हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं. प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची संरक्षणयंत्रणा त्यांना शत्रू म्हणून ओळखत नाही, हे तुम्ही सांगितलंत आणि पुढची अटही: तेच आणि फक्त तेच. खाऊचा एक दाणा नाही, चव घातलेली औषधं नाहीत, मांजरांची टूथपेस्टसुद्धा नाही. त्वचेच्या तक्रारींना अशा चाचणीत आठ-आठ आठवडे द्यावे लागतात, पोटाचं मात्र बहुतेकदा दोन आठवड्यांतच कळू लागतं. आमचे बाबा जेवताना भुरीला ताटातलं काहीतरी दिल्याशिवाय राहत नसत. तुम्ही त्यांच्याशी स्वतः फोनवर बोललात. नियम सांगितला नाहीत, कारण सांगितलंत. त्यानंतर ती जवळ बसली की ते तिच्याच डब्यातला मोजलेला वाटा तिला देऊ लागले. त्या एका फोनचे आभार बाबांच्या वतीनंही मानते.

शी सुधारली, पण अर्धवट. तिथे तुम्ही रक्तात बी-१२ तपासलंत आणि ते फार कमी निघालं. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं, आणि त्यासाठी लागणारा एक घटक मांजरात स्वादुपिंडातून येतो. आतडं किंवा स्वादुपिंड बिघडलं की साठा झपाट्यानं संपतो, आणि साठा संपला की भूकही जाते, आतड्याची भरपाईही थांबते. नुसतं चांगलं खाणं इथे पुरत नाही. सहा आठवडे दर आठवड्याला एक इंजेक्शन, मग महिन्यानं एक, मग पुन्हा तपासणी. इंजेक्शनं सुरू झाल्यानंतर एका सकाळी मी डबा उघडायच्या आत भुरी ओट्याखाली येऊन ओरडायला लागली. असं ओरडणं आम्ही फार दिवसांनी ऐकलं होतं. मी तिथेच उभी राहून रडले, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

अंगात बळ आल्यावरच तुम्ही बायोप्सी केलीत, म्हणजे आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासलात, कारण आतड्याची जुनाट सूज आणि सावकाश वाढणारा लिम्फोमा हा कर्करोग वरून सारखेच दिसतात. सूज निघाली. सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडची, प्रेडनिसोलोनची गोळी सुरू झाली आणि हळूहळू कमीही झाली. ‘हा आजार मुळापासून जाईल असं मी म्हणणार नाही, आटोक्यात राहील,’ असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. खोटी आशा दिली नाहीत, आणि त्यामुळेच तुमच्या बाकीच्या शब्दांवर आमचा विश्वास बसला.

आणखी एक. आम्हाला भेटणारे सगळे उकडलेल्या चिकनचा सल्ला देत होते. तुम्ही कुणालाही मूर्खात न काढता सांगितलंत की नुसत्या मांसात कॅल्शियम जवळपास नसतं, आणि मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं टॉरीन हे पोषकद्रव्य उकडताना पाण्यात उतरतं. १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की टॉरीन कमी पडल्यानं मांजरांचं हृदय कमकुवत होऊन पसरतं, आणि ती मांजरं खात होती ते विकतचं तयार खाणंच होतं! त्यानंतर तयार खाण्यांत टॉरीन वाढवलं गेलं. घरचं शिजवून घालायचंच असेल तर पोषणतज्ज्ञ पशुवैद्याकडून पाककृती आखून घ्या, हे तुमचं म्हणणं मी आता इतरांना सांगते. ‘तेलकट नको, चरबी कमी करा’ हा सल्लाही कुत्र्यांकडून उधार आलेला असतो, हेही सांगते. मांजरं चरबी बहुधा चांगली पचवतात, आणि हडकुळ्या मांजराला त्याच उष्मांकांची गरज असते.

एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचं, ही तुमची शिस्त. खाणं, औषध, उलटी, आणि शी किती घट्ट वा पातळ यावरून तिला १ ते ७ गुण. मध्यंतरी पुन्हा बिघडलं तेव्हा तुम्ही घाईनं काही बदललं नाहीत, आधी वही मागितलीत. प्रेडनिसोलोनची गोळी कमी केल्यापासूनच शी बिघडत गेल्याचं त्या पानांवर दिसलं. तुम्ही मात्रा परत एक पायरी वर नेलीत, खाणं जसंच्या तसं ठेवलंत, आणि गाडी रुळावर आली.

तुमच्या दवाखान्यातल्या मदतनीस ताईंनाही हे पत्र वाचून दाखवा. रक्त काढताना भुरीला टॉवेलात गुंडाळून, तिच्या कानाशी बोलत, त्या ज्या हलक्या हातानं धरतात, त्यामुळे ती आता पिंजऱ्यात बसायला कुरकुरत नाही. पुढच्या महिन्यात बी-१२ च्या तपासणीला येतोच आहोत. तेव्हा बाबाही येणार आहेत, त्यांना तुम्हाला प्रत्यक्ष भेटायचंय.

आपली कृतज्ञ,
भुरीची आई